उकिरड्यावरची तांबडी माती

चैत्राची सकाळ तापल्या तांब्यासारखी वर आली. नदीवेशीच्या कडुलिंबावर कोवळी पालवी लखलखली, आणि त्याच तांबूस उजेडात तालमीची माती ट्रॉली भरभरून उकिरड्यावर ओतली गेली.

तांबडी माती. ताकानं भिजलेली, हळदीनं माखलेली, तेला-लिंबानं पोसलेली माती. पिढ्यांचा घाम प्यालेली माती. नाल्याच्या काळ्या काठावर ती पसरली, सोललेल्या छातीसारखी.

तुळजाच्या मुठी वळल्या.

या मातीला तिचं पाऊल कधी लागलं नव्हतं. खिडकीचे गज धरून तिनं डाव पाहिले, आणि घरी भुशाच्या पोत्याला धोबीपछाड मारली. तालमीच्या उंबऱ्यावर दादू वस्ताद उभे असत. "पोरी, बाईच्या पायानं हौदा बाटतो." कुत्रं आत लोळून जाई, तेव्हा मात्र तो बाटत नसे.

आता तालमीच्या विश्वस्तांनी मातीचा तो हौदा उपसून तिथं जिमसाठी फरशी घातली होती, आरसे लावले होते. फी भरेल त्यालाच उघडणारं काचेचं दार बसवलं होतं.

आणि गल्ली? गल्ली ओट्या-ओट्यांवर बसून होती. पोटरी आवळते तेव्हा पायातलं रक्त हृदयाकडे चढतं; पोटऱ्या थिजल्या की ते खालीच साचतं, शेवाळल्या तळ्यासारखं. पापड लाटून आखडलेल्या पाठी. साखरेनं जड झालेली रक्तं. नळावरची रोजची भांडणं. हलणं विसरलेली माणसं एकमेकांनाही विसरली होती.

ढिगाशेजारी वस्ताद डोकं धरून बसले होते.

"वस्ताद, आता बाटली का हो माती?"



तुळजानं चपला भिरकावल्या. चिमूटभर माती कपाळाला लावली, आणि ढिगात पाय रोवला, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. आभाळ जागच्या जागी राहिलं. तिनं घमेलं भरलं आणि घरामागच्या परड्याकडे निघाली. परत आली. पुन्हा भरलं.

शेजारची रखमाक्का गुडघे धरत ओट्यावरून उतरली. "एकटीच मरतीस व्हय गं? आण ते घमेलं!" मागोमाग पापडवाल्या आल्या, नळावर झिंज्या धरणाऱ्या आल्या. हातातून हातात माती सरकत गेली.

वैशाख लागला. परड्यात त्याच मातीचा नवा हौदा झाला होता, आणि बाया तो रोज तुडवत होत्या. रखमाक्काचे गुडघे सैलावले, पाठी उलगडल्या, नळावर आता हसू सांडत होतं. पोरी शड्डू ठोकत होत्या. तुळजाचा राग मात्र निवला नव्हता. तो मांड्यांत उतरला होता, दंडांत उतरला होता, पोलादासारखा थंड आणि टणक.

एका सकाळी परड्याच्या कडेला वस्ताद आले. चपला काढून, हात बांधून, बाहेरच थांबले.

"आत येऊ का, पोरी?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"कुदळ घेऊन या. माती घट्ट झालीया."

म्हातारे हात उठले. कुदळ उठली, कुदळ पडली. कुदळ उठली, कुदळ पडली. आणि तांबडी, तुडवलेली, टाकलेली माती श्वासाश्वासानं फुलत गेली.