एकलहऱ्याच्या पेटीने ऐकलेले आख्यान

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगते. सातासमुद्रापलीकडच्या एका लेखकाची, आपल्या एका कीर्तनाची, आणि ज्याचे नाव घ्यायचे नाही असे ठरले होते अशा एका माणसाची.

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. जुन्या नाशकात एका अरुंद बोळातल्या कारखान्यात जमीलमियाँनी मला घडवले. सागवानी अंग, पालिताण्याहून आणलेल्या पितळी सुरपट्ट्या, कातड्याच्या घड्यांचा भाता. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून माझी पहिली पट्टी दाबली, आणि ज्याने मला घरी नेले त्याने दारातच उदबत्ती ओवाळली. दोन्हीकडचा आशीर्वाद घेऊन मी जगात आले, म्हणून तर इतकी वर्षे तग धरून आहे.

मला घरी नेणारा गोरक्ष. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवण्याच्या कामावर होता. मूळचा पेठच्या डोंगरातला. लहानपणीच घरातून पळाला, पिंपळगावला द्राक्षांच्या ट्रकवर क्लीनर झाला, तिथून पार गोव्याला जाऊन मासेमारीच्या बोटीवर राबला. समुद्राने थोबाडीत दिली तेव्हा परत आला, असे तोच हसत सांगायचा. परत आला आणि चंद्रभागाताईंच्या कीर्तनाला बसला. दुसऱ्या कीर्तनाला बसला, तिसऱ्याला बसला. पुढे लग्नच झाले.

ताई कीर्तन करायच्या आणि गोरक्ष माझ्यावर साथ करायचा. त्याच्या नखांत कोळसा असे, त्यामुळे माझ्या पांढऱ्या पट्ट्या कधी पांढऱ्या राहिल्या नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नसे. ताई काळी चार पट्टीत गायच्या, आणि नेमकी तीच पट्टी माझी अडकायची. एकदा दाबली की वर येतच नसे, सूर वाजतच राही. गोरक्ष अंगठ्याच्या नखाने ती अलगद उचलायचा. श्रोत्यांना कधी कळले नाही. बायका म्हणायच्या, "ताई गातात, पण पेटी त्यांच्या मनातलं आधी ओळखते." हे ऐकून मी भात्याच्या आत फुगून जायची.

गोरक्षाला वाचनाचा नाद होता. नाशकाच्या मेन रोडच्या फुटपाथवर त्याला एक फाटके मराठी पुस्तक मिळाले. एझ्रा होल्ट नावाच्या नामवंत अमेरिकन कादंबरीकाराचे ते चरित्र. ते तो माझ्या खोक्यातच ठेवायचा. कीर्तनाआधी बैठक अंथरून झाली की मोठ्याने वाचायचा. ऐकणारी मी एकटी, कधी ताई.

"बघ चंद्रे," तो म्हणायचा, "हाही माझ्यासारखाच कोळशातला. फक्त ह्याला लिहिता येत होतं."

"तुम्हाला वाजवता येतं ना," ताई म्हणायच्या. "भाता पुसा आधी."

मित्रांनो, सुखाचे दिवस इतकेच सांगता येतात. घसा कोळशाच्या धुळीने भरतो म्हणून गोरक्षाने दारूचा पहिला घोट घेतला. पुढे धूळ नसली तरी घोट लागायला लागला. कितीतरी वेळा त्याने सोडली. सोडायचा तेव्हा मला रोज पुसायचा. धरायचा तेव्हा आठवडा आठवडा उघडायचा नाही. माझ्यावर साचलेल्या धुळीवरूनच त्याची अवस्था ओळखू येई.

एका रामनवमीला भर कीर्तनात तो झुलत आला आणि माझ्यावरच कोसळला. माझा भाता फाटला, झाकणाचा कोपरा तुटला. लोक आधी हसले, मग उठून गेले. देवळाचे विश्वस्त रविराजदादा खाली मान घालून उभे राहिले. पुढच्या कीर्तनाच्या फलकावर 'साथसंगत' या शब्दापुढे गोरक्षाचे नाव नव्हते. ताई मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर गाऊ लागल्या. मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझी कातडी खाल्ली, आणि गोरक्षाला दारूने सडलेल्या त्याच्या पोटाने खाल्ले. तो गेला तेव्हा माणसे आली, पण बसली ती घाईने. तेराव्याला कोणी चार शब्द बोलले नाही. काय बोलणार?

वर्ष सरत आले. वर्षश्राद्धाच्याच आठवड्यात देवळात ताईंचे कीर्तन ठरले. रविराजदादा घरी आले. माणूस वाईट नाही, मित्रांनो. देवळाची अब्रू त्याला घरच्यासारखी वाटते.

"ताई, आख्यान कोणतं लावणार?"

"एका अमेरिकन लेखकाचं."

दादांच्या हातातला चहा बशीत सांडला. "अमेरिकन? नारदाच्या गादीवरून?"

"कष्ट केलेल्या माणसाचं आख्यान आहे दादा. देवाला चालतं."

दादांनी सांडलेला चहा परत कपात ओतला. "लावा. तुमचा अधिकार आहे. पण एक विनंती ऐका. गादीवरून गोरक्षरावांचं नाव नको. रामनवमीचा तमाशा लोक विसरलेले नाहीत. अजून टोमणे ऐकतोय मी."

ताईंनी बशी उचलली. "नाही घेणार. शब्द देते."

दादा गेल्यावर त्या माळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. "वर्ष झालं," त्या मला म्हणाल्या की स्वतःला, कोण जाणे. "दारुड्या सगळे म्हणतात. गोरक्ष कोणी म्हणत नाही. एकदा चांगल्या तोंडाने नाव निघालं असतं त्यांचं, तर मीही मोकळी झाले असते."

दुसऱ्या दिवशी मी त्याच बोळात परत गेले जिथे जन्मले होते. जमीलमियाँ आता नाहीत. त्यांचा मुलगा नईमभाई गादीवर बसतो. त्याने मला उघडले आणि नाक दाबले.

"ताई, क्या हाल केला तुम्ही हिचा! उंदरांनी दावत केलीय आत."

"होईल का दुरुस्त?"

"अब्बांच्या हातची आहे. नाही कसं म्हणू? भाता नवा टाकतो. ही काळी पट्टीपण अडकते, स्प्रिंग बदलून देतो."

ताईंनी पट्टीवर हात ठेवला. त्या पट्टीच्या कडेला गोरक्षाच्या नखाने झिजून खाच पडली आहे. "बाकी सगळं बदला भाऊ. ही एवढी राहू द्या."

नईमभाईने खाचेवरून बोट फिरवले आणि स्प्रिंग परत डब्यात टाकली. नवा भाता लावला, झाकणाचा तुटका कोपरा तसाच राहिला. पण खरे सांगते, नव्या कातड्याने जुन्या लाकडाचा थकवा जात नाही. मला दम लागतच होता. ताईंना पेटीवाला मिळत नाही हे कळल्यावर नईमभाईच म्हणाला, "मी येतो. हिला दुसऱ्याच्या हाती द्यायची भीती वाटते."

कीर्तनाच्या दिवशी संध्याकाळी देऊळ भरले. पुढच्या रांगेत कुसाबाई होत्या. भाजी विकून थेट टोपलीसह येणाऱ्या, एकही कीर्तन न चुकवणाऱ्या. पूर्वरंग झाला. मग रीतीप्रमाणे रविराजदादांनी ताईंना हार घातला आणि साथीदारांना बुक्का लावायला वळले. तबलेवाल्याला लावला. नईमभाईपुढे आले तसा तो हात जोडून म्हणाला, "दादा, मी आजच्यापुरता. ज्याची बैठक आहे त्याचा मान मी कसा घेऊ?" दादांची चिमूट तशीच राहिली. बुक्का बोटांत धरूनच ते खांबाशी जाऊन बसले.

ताईंनी चिपळ्या उचलल्या आणि आख्यान सुरू केले.

"ऐका हो श्रोते! अमेरिका नावाच्या देशात, एका मोठ्या नदीकाठी, कोळशाच्या नावेवर एझ्रा नावाचं पोर वाढत होतं. अंग इतकं काळं, की आई ओळखायची ती दातांवरून!"

लोक हसले. ताई रंगात आल्या. एझ्रा घरातून पळाला, जहाजावर चढला. जहाजावरच्या म्हाताऱ्या आचाऱ्याने त्याला पिठाच्या पाटावर बोटाने अक्षरे गिरवायला शिकवले. जहाज फुटले. एझ्रा एका बेटावर लागला, आचारी समुद्रात राहिला. पुढे एझ्राने युद्ध पाहिले, बर्फात उपाशी चालला, तुरुंगात गेला, आणि मग लिहायला बसला. अशी पुस्तके लिहिली, की त्याला बघायला स्टेशनवर माणसांचे थवे उभे राहायचे.

"आणि मग?" ताईंनी चिपळ्या थांबवल्या. "मग बाटली आली. व्यासपीठावरून पडला. ज्या लोकांनी फुलं टाकली होती तेच तोंड फिरवून गेले. बायको रडली. त्याने सोडली, धरली, सोडली, धरली. आज आपण त्याला काय म्हणू?"

"दारुड्या!" मागून कोणीतरी म्हणाले.

"खरंय. होताच. मी नाही म्हणत नाही. पण बाबांनो, त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच नाव छापलेलं असे. स्वतःच्या बायकोचं नाही, राजाचं नाही. त्या बुडालेल्या आचाऱ्याचं! ज्याने पिठात अक्षरं शिकवली, त्याचं नाव तो शुद्धीत असो नसो, कधी विसरला नाही. मरणाच्या आदल्या दिवशीही शेवटच्या पुस्तकाचं पहिलं पान त्याने स्वतः लिहिलं. मग सांगा, याला तोलायचं कशावर? बाटलीवर, की पहिल्या पानावर?"

त्यांनी वरचा सूर लावला. नईमभाईने काळी चार दाबली, आणि मित्रांनो, पट्टी अडकली. ताईंचे कडवे संपले, तबला थांबला, पण माझा सूर थांबेना. नईमभाईला नख लावायची ती खुबी ठाऊक नव्हती. त्याने ताईंकडे पाहिले. ताईंचे डोळे भरले होते. त्यांनी मानेनेच सांगितले, राहू दे. तो भाता हलवत राहिला. भर देवळात एकच सूर, लांब, दमलेला. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा वारा मी त्यात ओतला.

कीर्तनात मध्ये बोलायचे नसते. कुसाबाई बोलल्या.

"अगं माय! ही तर गोरक्ष्याची पट्टी! अशीच अडकायची. तो नखानं उचलायचा, मी पुढं बसून बघायची ना रोज!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "लय गोड वाजवायचा गं. माझी सून बाळंतपणात अडली तवा कोळशाच्या गाडीतून त्यानंच नेली नाशिकला. दारू पिऊन नव्हता तवा. आन् पिऊन असता तरी नेली असती."

कोणी हसले नाही. ताई गादीवर उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही.

त्याच सुरावर आरती झाली, नईमभाईचा हात भात्यावरून निघाला नाही. आभार मानायला रविराजदादा माईकपाशी आले. नेहमीचीच नावे घेतली. मंडप, प्रसाद, तबला. "पेटीवर साथ केली नईमभाईंनी," ते म्हणाले आणि थांबले. बोटांतला बुक्का घामाने ओला झाला होता. ते माईक सोडून माझ्याजवळ आले, गुडघ्यावर बसले आणि माझ्या तुटक्या कोपऱ्याला तो बुक्का लावला. माईक लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेले.

"आणि ही बैठक गोरक्षरावांची. आपले गोरक्षराव."

ताई गादीवरून उतरल्या. आधी दादांना नमस्कार केला, मग माझ्याशी बसून अंगठ्याच्या नखाने ती काळी पट्टी उचलली. सूर थांबला तेव्हाच. नेहमी चिपळ्या धरणाऱ्या, मला कधी न वाजवणाऱ्या ताईंना ती खुबी येत होती, हे मला त्या दिवशी कळले.

मित्रांनो, आता मी थकले आहे. नवा भाताही लवकरच विरेल. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. पुसले तर बरे वाटेल, नाही पुसले तरी चालेल. एवढेच मागते, की कार्यक्रम संपून नावे वाचली जातील तेव्हा चप्पल शोधायला उठू नका. मागे बसून भाता हलवणाऱ्याचे नाव नीट ऐका. आणि कधी एकलहऱ्यावरून गेलात, धुराड्यांतून धूर निघताना दिसला, तर तिथे कोळसा उतरवणारा, पडणारा, पुन्हा उठणारा आणि काळी चार नखाने उचलणारा एक गोरक्ष होता, एवढी आठवण ठेवा.