तळ्याच्या चार फेऱ्या

शशिकलाचं अक्षर फार सुरेख होतं. मोत्याचे दाणे म्हणतात तसं. आता सुरेख अक्षराने कुणाचं वाईट होईल असं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

तिचा मुलगा स्वानंद अकरा वर्षांचा. त्याला बोलता येत नसे, आणि मनाविरुद्ध काही घडलं की तो दोन्ही हात झटकत एकाच सुरात ओरडत राही. मुंबईच्या डॉक्टरांनी याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं होतं. ब्याण्णव साली पनवेलमध्ये हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे बिल्डिंगमधले लोक 'जरा तसाच आहे' म्हणत. गावातल्या दोन खोल्यांत अशा मुलांची एक शाळा चाले. तिथे तो जाई. मुलांना रिक्षातून उतरवून घ्यायला आणि सांभाळायला तिथे सोनाबाई असे.

शाळेच्या आभा मॅडम मुलांचं दर चार महिन्यांनी वजन करत. जूनमध्ये स्वानंदचं शेहेचाळीस किलो भरलं. जिना चढताना त्याला धाप लागायची आणि गुडघे आत वळायला लागले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की हे आत्ताच आवरा, पुढे त्याला काय दुखतंय ते त्याला सांगताही येणार नाही. मॅडमनी मग सगळ्याच पालकांना एकेक वही दिली. मुलाने दिवसभरात काय खाल्लं ते लिहायचं, आणि संध्याकाळी वडाळे तळ्याभोवती फिरवून आणायचं, त्या फेऱ्याही लिहायच्या. "खाऊ देऊन गप्प बसवू नका," त्या पुन्हा पुन्हा सांगत. "आपल्याला पाच मिनिटं शांतता मिळते आणि त्याचं अंग वाढतं."

पहिले चार दिवस शशिकलाने इमानेइतबारे केलं. पाचव्या दिवशी तळ्यावर एका बाईच्या साडीवरच्या टिकल्या चमकल्या, आणि स्वानंदने जाऊन तिचा पदर मुठीत धरला. बाई किंचाळली. स्वानंदही किंचाळला. माणसं गोळा झाली. "एवढा घोडा झालाय, घरात ठेवता येत नाही का?" असं कुणीतरी म्हणालं. शशिकलाने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला, तेव्हा कुठे त्याची मूठ सुटली. घरी येईपर्यंत तिने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ती तळ्यावर गेलीच नाही. साडेपाच वाजले की स्वानंदला खिडकीशी बसवायची आणि पुढ्यात ग्लुकोजच्या बिस्किटांची ताटली ठेवायची. तो एकेक बिस्किट कडेने कुरतडत तास काढायचा. मग ती वही उघडून सुरेख अक्षरात लिहायची: सकाळी नाचणीचं सत्त्व. दुपारी एक भाकरी, वरण, काकडी. संध्याकाळी तळ्याच्या चार फेऱ्या.

सकाळी रिक्षात तो उठून उभा राहू नये म्हणून त्याच्या गणवेशाच्या खिशात दोन बिस्किटं असत. ती वहीत नसत.

नवरा चारुदत्त मुंबईला विमा कंपनीत होता. रात्री आठला घरी आला की जेवता जेवता वही चाळायचा. "तू आहेस म्हणून होतंय हे सगळं," असं तो एकदा म्हणाला, आणि तिने वही त्याच्या हातातून काढून मिटून ठेवली. तरी दुसऱ्या दिवशी तिने चार फेऱ्या लिहिल्याच. खोटं एकदा वहीत चढलं की रोज त्याला खायला घालावं लागतं.

त्यात भर म्हणजे पालकांच्या सभेत आभा मॅडमनी तीच वही उघडून वाचून दाखवली. "वही कशी ठेवावी ते स्वानंदच्या आईकडून शिका," असं म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काशिराम म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे जासईचे. कंटेनरच्या यार्डात कामाला होते आणि त्यांची मुलगी प्रांजल याच शाळेत होती. त्यांनी तर वही मागून घेतली आणि बोट लावून लावून सगळं उतरवून घेतलं. त्याच वेळी उठून सांगितलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. पण टाळ्या कुणाला नकोशा होतात? शशिकला खाली मान घालून बसून राहिली, आणि लोकांना तो विनय वाटला.

ऑक्टोबरमध्ये वजन झालं तेव्हा प्रांजल साडेतीन किलोंनी उतरली होती. स्वानंद बावन्न भरला.

मॅडमनी शशिकलाला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. टेबलावर कागदात बिस्किटाचा चुरा होता. "हा त्याच्या खिशात सापडला," त्या म्हणाल्या. "घरून काही येत नाही हे मला माहीत आहे, तुमची वही मी रोज वाचते. रिक्षातून उतरवून वर्गात आणेपर्यंत तो फक्त सोनाबाईंजवळ असतो. त्यांना जीव आहे मुलांचा, पण ही माया काय कामाची? मी त्यांना एकदा समज दिली, त्या कबूलच करत नाहीत. उद्याच्या सभेत सांगून टाकते की सोमवारपासून दुसरी बाई येईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर समोर खुर्चीवर बसून मान डोलवत होता. "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं," शशिकला म्हणाली. हे शब्द आपल्याच तोंडून आले हे तिला नंतर कितीतरी वेळ पटेना.

सोनाबाई बाहेर पायरीवरच उभी होती. उरणजवळच्या करंजा गावची कोळीण, लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आलेली, नवरा वारल्यावर इथे मुलांना सांभाळायला लागलेली. तिने स्वानंदचा हात धरला होता आणि तो तिच्या बांगड्या मोजल्यासारखा एकेक करून सरकवत होता.

"स्वानंदची आई," ती म्हणाली, "तुमी तरी सांगा मॅडमला. माज्या घरात बिस्किट येतच नाय, तर याला कुठून देनार? तुमचा शब्द मानतील त्या."

"बघते," शशिकला म्हणाली, आणि स्वानंदला ओढत रिक्षात बसली. बसल्याबरोबर त्याने तिची पर्स चाचपली. तिने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली, तसा तो ओरडायला लागला. टपाल नाक्यापर्यंत तो ओरडत होता आणि लोक वळून बघत होते. नाक्यावर तिने पुडा फोडला.

शनिवारच्या सभेला चारुदत्तही सुट्टी काढून आला. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर पालक गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मुलं कडेला सतरंजीवर होती आणि सोनाबाई त्यांच्याजवळ बसली होती, रोजच्यासारखीच, फक्त कुणाकडे बघत नव्हती. मॅडमनी सुरुवातीला तीच वही हातात घेतली. "घरून इतकं होत असताना," त्या म्हणाल्या, "आपल्याच शाळेत..."

"ती वही वाचू नका," शशिकला म्हणाली.

उभं राहायचं तिने ठरवलं नव्हतं, पण ती उभी होती. "बिस्किटं मी देते. खिशात मीच ठेवते. सोनाबाईंनी काही दिलेलं नाही. वहीतलं खरं नाही. फेऱ्याही खऱ्या नाहीत, पहिले चार दिवस सोडले तर आम्ही तळ्यावर गेलोच नाही."

चारुदत्तने तिच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मॅडमनी विचारलं, अगदी हळू, "पण का?"

याचं उत्तर तिने घरी जुळवून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. घरकाम, पाठदुखी, काहीही चाललं असतं. पण जुळवून ठेवलेलं सगळं त्या वहीत संपलं होतं. "मला त्याची लाज वाटते," ती म्हणाली. "लोक बघतात. तो खात बसला की कुणाला दिसत नाही."

स्वानंद सतरंजीवर मणी ओवत होता. त्याला कळलं की नाही, देव जाणे. कळलंच नसेल असं धरून चालायची तिला सवय होती, आणि त्या क्षणी त्या सवयीचीही तिला लाज वाटली.

मॅडमनी सगळ्यांसमोर सोनाबाईची माफी मागितली. सोनाबाईने ऐकून घेतलं. "मंग मी सोमवारी येऊ ना?" एवढंच विचारलं आणि पोरांना पाणी द्यायला उठली. शशिकलाजवळून जाताना तिने पेला पुढे केला नाही. शशिकलाला ते योग्यच वाटलं.

सभा मोडली तेव्हा तिच्याशी बोलायला कुणी थांबलं नाही. चारुदत्त स्वानंदला घेऊन रिक्षा बघायला पुढे गेला. ती चपला घालत होती तेव्हा काशिराम प्रांजलला घेऊन आले. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं पडल्यासारखं दिसत होतं.

"ताई, म्हंजे तुमी येतच नव्हता?" ते म्हणाले. "आमी रोज हुडकायचो तुमाला तल्यावर. ही विचारायची, स्वानंद कुठं हाय. मी बोलायचो, आत्ताच गेला बघ, आपल्याला उशीर झाला. ही कंटालली का, तिची आय बोलायची, ती पोरं चार फेऱ्या मारतात, आपन तीन तरी मारू."

इतके महिने ही तीन माणसं तळ्याभोवती शशिकलाच्या मागून चालत होती, आणि पुढे कुणीच नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले. प्रांजल तिच्याकडे टक लावून बघत होती.

"उद्या येतो आम्ही," ती शेवटी म्हणाली. "साडेपाचला. थांबाल का थोडं?"

"थांबू की," काशिराम म्हणाले. पोरीचा हात धरून ते दोन पावलं गेले आणि वळले. "पन ताई, खरंच या."