शरणम्माची वाटी

सिद्धलिंग सरांच्या क्लासच्या होर्डिंगवर मेडिकलला लागलेल्या पोरापोरींचे चेहरे दाटीवाटीने बसवलेले असत आणि वरच्या कोपऱ्यात एक चेहरा कुठल्याच रँकशिवाय. तो सरांचा मुलगा रुद्रेश. खाली ‘ध्वनिशास्त्र, जर्मनी’. पोरगा लॅपटॉपवर यंत्रांच्या घरघरीचं संगीत करतो, हे लातुरात सांगायचं कसं, हा प्रश्न सरांनी असा सोडवला होता. शेवटी फिजिक्सचे मास्तर.

रुद्रेशचं तिकडे नाव झालं ते एका रचनेवर. आई आनाहित मूळची आर्मेनियाची. अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपात तिचं माहेर गेलं. सर तिथे शिकायला होते; तिला लग्न करून घेऊन आले, सासूने तिचं नाव अंबिका ठेवलं, आणि त्र्याण्णवला किल्लारीजवळचं सासरचं घरही पडलं. रुद्रेश दोन्हींनंतर जन्मला. तरी कार्यक्रमांच्या माहितीपत्रकात ‘दोन भूकंपांचा वारस’ असं छापून येई, आणि त्याने ते कधी खोडलं नाही. इतक्या कमी कष्टात दुसरी कुठली इस्टेट मिळाली नसती.

आईने मात्र ती रचना ऐकली नव्हती. तिने एकदा बसून ऐकावी, एवढ्यासाठी तो सरांच्या क्लासमधल्या गुणवंतांच्या सत्कारात वाजवायला तयार झाला.

आई आणि आजी शरणम्मा पहिल्या रांगेत. आधी नुसती खोल घरघर. पालक मोबाइल बघत राहिले. मग त्या घरघरीवर एक बारीक, घायकुतीला आलेला किणकिणाट सुरू झाला.

किल्लारीनंतर या भागात लोक फळीवर तांब्या आणि तांब्यावर पालथी वाटी ठेवत. जमीन हलून वाटी वाजली की पोरं उचलायची आणि बाहेर. रुद्रेशने आजीचीच वाटी रेकॉर्ड केली होती. कशासाठी, ते ती विचारायला विसरली आणि तो सांगायला. बर्लिनच्या एका समीक्षकाने त्या आवाजाला ‘नाजूक रुपेरी नक्षी’ म्हटलं होतं.

नक्षी सुरू झाली आणि चाळिशीच्या पुढचं सगळं सभागृह उठलं. ओरडलं कुणी नाही. आईने शरणम्माचा दंड धरला आणि सगळ्यांच्या आधी दार गाठलं. मागे लोक निघाले, चेंगराचेंगरीसुद्धा नाही, सराव होता. विद्यार्थी तेवढे जागेवर राहिले, कारण सुटी जाहीर झाली नव्हती.

“घाबरू नका, हे संगीत आहे!” सर माइकवर ओरडले.

रुद्रेशने सगळं बंद केलं आणि बाहेर धावला. मैदानात लोक भिंतींपासून लांब उभे होते. आवाज थांबला तरी आत जायला कुणी तयार नव्हतं.

“संगीत हाय म्हणून माइकवर सांगावं लागतं व्हय रे?” शरणम्मा म्हणाली. “वाटी माझीच ना ती?”

“हाव, अव्वा.”

“मंग तुझ्या तिकडचे लोक कुणीकडं पळतेत?”

“पळत नाहीत. डोळे मिटून बसतात. मग टाळ्या वाजवतात.”

“त्यांला ठावं नसंल, वाटी कशापायी वाजती ते.”

“ठाऊक असतं. छापून दिलेलं असतं.”

“तरी बसतेत?”

“त्यासाठीच येतात, अव्वा.”

शरणम्माने हात पुढे केला. “माझी वाटी दे.”

“घरीच हाय की ती, फळीवर.”

“ती न्हाई. आतली.”

त्याने आईकडे पाहिलं. राहू द्या, असं तिने म्हणावं, एवढीच आशा. ती अनवाणी उभी होती. चपला खुर्चीखालीच राहिल्या होत्या.

“आमच्याकडं वाटी ठेवायची रीत नव्हती रे,” आई म्हणाली. “असती तर... देऊन टाक त्यांची.”

तो आत गेला. पहिल्या रांगेतून आईच्या चपला उचलल्या, लॅपटॉपशेजारी ठेवल्या, आणि रचनेतून वाटी कायमची पुसून टाकली. मग उरलेली नुसती घरघर एकदा वाजवून पाहिली.

पुढे बसलेल्या एका विद्यार्थिनीने, वैष्णवीने, वहीतून डोकं वर काढलं. “दादा, लाइट गेली काय? जनरेटर लागलं वाटतं.”

“हाव,” रुद्रेश म्हणाला, आणि चपला घेऊन बाहेर गेला.