आभार मानून झाल्यावर

“हात वर, श्वास आत, आणि पोट आहे हे विसरा,” असं म्हणून शिट्टीबाईंनी स्वतःचे हात वर केले, आणि तेवढ्यात त्यांना कळलं, की ते पुन्हा सुरू झालं आहे.

त्यांनी हात खाली घेतले नाहीत. समोर चटयांवर चर्चच्या मंडळीतल्या बायका हात वर करून उभ्या होत्या, आणि शिट्टीबाईंचे हात वर असताना आपले खाली घ्यायची त्या सभागृहात कुणाची छाती नव्हती. त्यामुळे सगळ्याच जणी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ तशा राहिल्या. बेकरीवाल्या काकूंनी ओठ न हलवता शेजारणीला विचारलं, की आज काही विशेष आहे का. शेजारीण म्हणाली, असेल, उपासाचे दिवस आहेत.

शिट्टीबाईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत कवायत शिकवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दर शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या सभागृहात ‘देह, मन, आत्मा’ नावाचा वर्ग भरे. नाव पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीनं ठेवलेलं. देह शिट्टीबाईंकडे होता, आत्मा पाळकीणबाईंकडे, आणि मन ज्याचं त्यानं सांभाळायचं होतं. मध्ये चहा असे.

शिट्टीबाईंच्या मागच्या भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो होता. हात असेच वर, नजर छताकडे, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘औषधाआधी आभार’. हे शब्दही पाळकीणबाईंचेच. आता फोटोतली बाई आणि फोटोपुढची बाई दोघी एकाच पवित्र्यात उभ्या होत्या. फरक एवढाच, की फोटोतली बरी झालेली होती.

झालं होतं ते असं. पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं लोटल्यावर, थंडीतल्या एका सकाळी शिट्टीबाईंना पुन्हा रक्त दिसलं. कायमचा निरोप देऊन झालेली पाहुणी न कळवता दारात उभी राहावी तसं. शिट्टीबाई शहाण्या बाई होत्या. त्यांनी इस्पितळात बायकांच्या विभागाची वेळ घेतली. पण त्याच्या आदल्या शनिवारी चहा पिताना त्यांच्या तोंडून ते पाळकीणबाईंपाशी निसटलं, आणि पाळकीणबाईंनी कप खाली ठेवून तिथल्या तिथे सगळ्यांना गोळा केलं. बायकांनी शिट्टीबाईंच्या खांद्यांवर, पाठीवर, डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं.

शिट्टीबाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांना सरळ उभं करत आल्या होत्या. आपल्यावर कुणी हात ठेवावा असं त्यांच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं. त्या मंडळीत रीत अशी, की देवानं काही दिलं, की रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. बहुतेक साक्षी हरवलेल्या किल्लीच्या किंवा पास झालेल्या भाच्याच्या असत. शिट्टीबाईंची साक्ष ऐकून मात्र मागच्या बाकावरचे कायम पेंगणारे एक वडीलधारे गृहस्थसुद्धा जागे झाले. मग फोटो निघाला. शेजारच्या मंडळ्यांतून बायका शिट्टीबाईंना बघायला येऊ लागल्या. इस्पितळाची वेळ टळून गेली. साहजिकच होतं, देवाचे आभार मानून झाल्यावर तपासायला जाणं म्हणजे भेट मिळाल्यावर दुकानात जाऊन किंमत विचारण्यासारखं.

आणि आता ते पुन्हा सुरू झालं होतं. मंडळीत साक्ष द्यायची रीत होती. परत घ्यायची नव्हती.

अखेर त्यांनी शिट्टी वाजवली. बायकांचे हात खाली पडले.

वर्ग सुटल्यावर ऑर्गनवाली त्यांच्यासाठी थांबून राहिली. ही रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि इतर दिवशी मुलांना शिकवायची. चाळिशीतली, बोलणं इतकं हळू की ती बोलते आहे हे बाजूच्यालाही तिच्या ओठांकडे बघूनच कळावं. तिनं चटईची गुंडाळी छातीशी धरली होती. तिचे ओठ तिच्या चेहऱ्याच्याच रंगाचे झाले होते.

“ताई, माझं थांबतच नाही हो,” ती म्हणाली. “एक संपतंय न संपतंय तोवर दुसरं. जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी येते.”

“मग डॉक्टरांना दाखवलंस का?”

“तुम्ही कुठे दाखवलं होतंत?”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर शिट्टीबाईंना उत्तर देता आलं असतं. ती पुढे म्हणाली, की ती अगदी ताईंसारखंच करते आहे. सकाळी चालते, प्रार्थना करते, आणि आभार आधीच मानून ठेवलेत. फक्त विश्वास कुठेतरी कमी पडतोय. शिट्टीबाईंनी तिला हिरव्या भाज्या खायला सांगितलं.

त्या दिवशी कप धुताना त्यांनी पाळकीणबाईंना गाठलं. पाळकीणबाई म्हणजे गावातल्या सगळ्या आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली बाई. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाचं बाळंतपण, बाहेरच्या खुर्चीवर त्या आधीच येऊन बसलेल्या असत. हसतमुख, गोलमटोल, आणि कुणालाही नाही म्हणता येऊ नये अशा. शिट्टीबाईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. पाळकीणबाईंचा कपातला हात तसाच राहिला.

“नाही,” त्या नळाकडे बघत म्हणाल्या. “तुमचं थांबलंय.”

शिट्टीबाईंनी पुन्हा सांगितलं, यावेळी मुलींना सांगत तसं, एकेक शब्द सुटा करून.

“मी ऐकलं. पण तुमचं थांबलंय ना? सगळ्यांसमोर सांगितलंत तुम्ही. मग थांबलंय.” आणि त्यांनी ओल्या हातानं शिट्टीबाईंचा दंड धरला. मग पाळकीणबाई भराभर बोलू लागल्या. देवाच्या परीक्षेचे दिवस असतात, संशय माणसाला पोखरतो, पुढच्या रविवारी बिशपसाहेब येणार आहेत, त्यांना मुद्दाम हीच साक्ष ऐकायची आहे. बोलणं नेहमीसारखं गोड होतं. पण दंडावरची पकड सुटेना, आणि शिट्टीबाईंना वाटून गेलं, की ही बाई मला धरून नाही ठेवत, मला धरून उभी आहे.

तो आठवडा वाईट गेला. शिट्टीबाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं आणि सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. भिंतीवरचं कुठलं घड्याळ मागे पडतंय हे त्यांना न बघता कळे. बायकोचं काही कळलं नाही, कारण ती त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेली नव्हती. शिट्टीबाई कपडे स्वतः धुवायच्या, स्वतः वाळवायच्या, आणि गडद रंगाचंच नेसायच्या. घड्याळजींनी एकदा विचारलं, की हल्ली चालताना कमरेवर हात का असतो. त्या म्हणाल्या, ऐट म्हणून. त्यावर ते समाधानानं हसले आणि भिंग डोळ्याला लावून पुन्हा चाकांत शिरले.

प्रार्थनेला बसल्या, की शिट्टीबाईंना शब्द सापडत नसत. मागणं मागावं, तर आभार मानून झालेले. आभार मानावेत, तर कशाचे? शेवटी त्या नुसत्याच बसून राहत. आणि अंगातून काहीतरी थेंबाथेंबानं जात राही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बिशपसाहेब पुढे उंच खुर्चीत बसले होते. कार्यक्रम ठरलेला होता: स्तोत्र, मग साक्ष, मग आशीर्वाद. शिट्टीबाई पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या कपड्यांत. ऑर्गनवालीनं सुरुवात केली.

चांगली वाजवत होती. मग मध्येच एक सूर लागला आणि तो संपेना. जाड, बेसूर, अनेक पट्ट्या एकदम दाबल्यासारखा. मंडळीला वाटलं, बिशपसाहेबांसाठी काही नवीन बसवलेलं दिसतंय. मागचे ते वडीलधारे गृहस्थ आदरानं उठून उभे राहिले. त्यांना बघून त्यांचा बाक उठला, मग पुढचा, आणि बघता बघता सगळं चर्च त्या एका भयंकर सुरासमोर मान खाली घालून उभं राहिलं. बिशपसाहेबही उठले.

बसून राहिल्या त्या एकट्या शिट्टीबाई. उभ्या माणसांच्या फटीतून त्यांना दिसत होतं, की ऑर्गनवालीचं डोकं पट्ट्यांवर आहे.

त्या धावल्या. तिला उचलून आडवं केलं तेव्हा सूर थांबला, आणि त्या शांततेत बाकाखालून काहीतरी ठिबकण्याचा आवाज पुढच्या सगळ्यांनी ऐकला.

इस्पितळाची गाडी आली, तिला घेऊन गेली. तिची बहीण बरोबर गेली. पाळकसाहेबांनी घाम पुसला आणि प्रार्थना केली. मग त्यांनी सवयीनं कागदात बघितलं, आणि कागदात साक्ष होती. पाळकीणबाई कोपऱ्यातून नको नको अशी मान हलवत होत्या. तोवर शिट्टीबाई उभ्या राहून वळल्याही होत्या. त्यांच्या बाह्यांना ऑर्गनवालीचं रक्त लागलं होतं.

“माझं थांबलेलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज मैदानावरचा होता, शेवटच्या बाकापर्यंत गेला. “काही दिवस थांबलं होतं. देवानं मला बरं केलं, असं मी इथे उभी राहून सांगितलं. ते मी सांगितलं, त्यानं नाही. त्याचं बोलून व्हायच्या आत मी बोलले, आणि त्याच्या नावावर बोलले. त्या पोरीनं माझं ऐकलं.” त्यांनी बाह्यांकडे बघितलं. “उद्या सकाळी मी इस्पितळात जाणार आहे. तिथेही तोच असेल. माझं ऐकून ज्या ज्या गप्प बसल्यात, त्यांनी आता माझंच ऐकून गप्प बसणं सोडावं.”

आमेन कुणी म्हटलं नाही. म्हणावं की नाही याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. पुरुषांच्या बाजूला घड्याळजी उभे होते. दोनशे माणसांबरोबर त्यांनाही ते तेव्हाच कळत होतं.

घरी जाताना घड्याळजी अर्धी वाट पुढे पुढे चालले. मग म्हणाले, “मला आधी सांगायचंस.”

“तुम्ही घाबरला असतात.”

“मग आता काय मी गाणी म्हणतोय?”

संध्याकाळी दोघं ऑर्गनवालीला बघायला गेली. रक्त चढवलं होतं, वाचली होती. गर्भाशयात गाठी होत्या, साध्या, पण अजून थोडा उशीर झाला असता तर साध्या गाठींनीच काम तमाम केलं असतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बोलता बोलता शिट्टीबाईंनी स्वतःचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की पाळी जाऊन किती वर्षं झाली. उत्तर ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी आतून दिवा मालवावा तसं गेलं. “उद्या या,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच नंबरला या.” आणि घड्याळजींकडे वळून म्हणाल्या, की उद्या दुकान बंद ठेवा.

सकाळी घड्याळजी खाली कागदपत्रं करायला थांबले आणि शिट्टीबाई बायकांच्या विभागात गेल्या. तिथला लांब बाक आधीच भरलेला होता. बेकरीवाल्या काकू होत्या. त्यांनी सांगितलं, की त्या डोळे तपासायला आल्यात. त्यांची शेजारीण गुडघ्यासाठी आली होती. गायकगटातल्या दोघी कुणालातरी भेटायला आल्या होत्या, पण कुणाला ते दोघींनी वेगवेगळं सांगितलं. शनिवारचा अर्धा वर्ग तिथे होता, आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. डोळ्यांचा विभाग समोरच्या इमारतीत आहे, हे शिट्टीबाईंनी कुणाला सांगितलं नाही.

बाकाच्या अगदी टोकाला, भिंतीला चिकटून, पाळकीणबाई बसल्या होत्या.

शिट्टीबाईंना वाटलं, नेहमीप्रमाणे कुणाच्यातरी सोबतीला आल्या असतील. त्या शेजारी जाऊन बसल्या. पाळकीणबाईंचा उजवा हात छातीच्या डाव्या बाजूवर होता, लहान मूल झोपल्यावर ठेवावा तसा.

“कधीपासून?” शिट्टीबाईंनी विचारलं.

“तुमच्या साक्षीच्या आधीपासून.” पाळकीणबाई समोरच्या भिंतीशी बोलत होत्या. “तुमचं थांबलं तेव्हा मला वाटलं, आता माझी गाठही विरघळेल. रोज बघायची मी. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करायची, की तुमचं परत येऊ नये.” मग छातीवरचा हात न काढता, “आमच्या साहेबांना माहीत नाही.”

शिट्टीबाईंना पुष्कळ म्हणता आलं असतं. काही शब्द तर कालपासून तयार होते. पण त्या नुसत्या सरकून थोड्या जवळ बसल्या, एवढंच.

आतलं दार उघडलं. नर्सनं पहिला नंबर कोण म्हणून विचारलं. पहिला नंबर शिट्टीबाईंचा होता. त्या उठल्या आणि “आधी या जातील,” असं सांगून त्यांनी पाळकीणबाईंना हात दिला. पाळकीणबाईंना उठायला वेळ लागला.

“यांच्याबरोबर कोण आलंय?” नर्स म्हणाली. “आत एकटं सोडत नाही आम्ही.”

पाळकीणबाईंनी वळून बाकाकडे बघितलं. तिथे बसलेल्या प्रत्येकीबरोबर त्या कधी ना कधी अशा दारातून आत गेल्या होत्या.

“मी आहे,” शिट्टीबाई म्हणाल्या, आणि आपली पर्स बाकावर आपल्या जागी ठेवली. बेकरीवाल्या काकूंनी ती उचलून मांडीवर घेतली, आणि दार लागेपर्यंत तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या.