मागच्या खोलीची हवा

"म्हणजे घरानं काही केलं नाही म्हणतं तू?"

"काका, घरातल्या रेडॉनची सरासरी मर्यादेच्या आत आहे, एवढंच सांगून राहिली मी," लतिका म्हणाली.

जमिनीतून, फरशीच्या भेगांतून घरात शिरणारा रेडॉन वायू आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध शोधणाऱ्या प्रकल्पात ती काम करत होती. चंपतरावांची बायको यमुताई त्याच आजारानं दोन वर्षांपूर्वी गेली. तिनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. बिड्या चंपतराव ओढत. लकडगंज बाजारातल्या आडतीच्या दुकानातून घरी आले की पेटवायचेच. "बाबा, तुमच्या धुरानं आई गेली," असं तेराव्याला सगळ्यांसमोर बोलून मुलगा रोशन पुण्याला निघून गेला. त्यानंतर फोनसुद्धा नाही. म्हणून लतिका बैठकीत आणि मागच्या खोलीत डबीएवढे मापक टांगायला आली, तेव्हा चंपतरावांनी तिला आग्रहानं दोनदा चहा पाजला होता.

"पोरी, यमू दिवसभर मागच्या खोलीत राहे. साड्यांले फॉल लावे. तिथली हवा अन् बैठकीची हवा एका गंजात ओतल्यासारखी काहून मिसळली तुम्ही?"

"अभ्यासात घराचा एकच आकडा धरतात, काका."

"अन् खिडकी? साड्यांवर धूळ बसते म्हणून ती बंद ठेवे. ती गेल्यावर मले घरात गुदमरते, म्हणून मी सारं उघडं टाकतो. तू मोजली ते माही हवा हाय. तिची नाही."

लतिकानं पिशवीतून नवा मापक काढून मागच्या खोलीत टांगला. हा आकडा प्रकल्पात धरणार नाहीत, हेही सांगितलं. "खिडकी बंद ठेवा, पण तुम्ही तिथं झोपू नका."

हिवाळाभर ती खोली बंद राहिली. होळीनंतर लतिका आली.

"बराच जास्त निघाला, काका. मर्यादेच्या वर."

चंपतराव उठून उभे राहिले. "म्हणजे माह्या बिडीनं नाही गेली ती."

हो म्हणणं सोपं होतं. लतिका खाली बघत म्हणाली, "हजारो घरं मिळून काही सांगता येते. एका माणसाचं नाही सांगता येत. अन् काका... धूर आणि हा वायू एकत्र आले तर धोका अजून वाढते."

चंपतराव परत खाली बसले आणि म्हणाले, "खोटं बोलली असती तं चाललं असतं वं."

"माहीत आहे मले."

संध्याकाळी त्यांनी रोशनला फोन लावला. त्यानं उचलला.

"काय आहे?"

मागच्या खोलीचा आकडा जिभेवर होता. तेवढाच सांगून पुढचं धुराचं गिळलं असतं, तर कदाचित पोरगा घरी आला असता.

"काही नाही गा. तुह्या आईची शिलाई मशीन हाय. सूनबाईले पायजे असन तं पाठवतो."

"तिला नाही येत शिवता."

तेवढ्यात पलीकडे तान्हं बाळ रडलं.

"कोण रडून राहिलं गा?"

"ठेवतो," रोशन म्हणाला.

नातू की नात, एवढं तरी आधी विचारायला हवं होतं, असं चंपतरावांना मग कितीतरी वेळ वाटत राहिलं.