खंडेरावांची शीळ

खंडेराव मोहित्यांचे पुढचे चार दात गुरुवारी काढायचे ठरले होते, म्हणून सुधन्वानं रेकॉर्डिंग सोमवारी ठेवलं. साखरेनं हिरड्या पार पोखरल्या होत्या, आणि डॉक्टरनं आणखी थांबायला साफ नकार दिला होता.

सुधन्वा म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला, आता गुरुग्राममध्ये स्वतःचा स्टुडिओ आहे. त्यानं मोठंच काम काढलं होतं. वाद्यवृंदासाठी चाळीस मिनिटांची रचना, जुन्या इटालियन काउबॉयपटांच्या संगीताला मुजरा म्हणून. घोडे, धूळ, दोन माणसं पिस्तुलावर हात ठेवून समोरासमोर उभी, आणि लांबून कुणीतरी शीळ घालतंय, तसलं संगीत. आता हे वेड त्याला लावलं कुणी? मामांनीच की! खंडेराव पलटणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. छावणीच्या मैदानात पडदा लावून असले सिनेमे दाखवत, आणि सुट्टीत बहिणीकडे आले की मामा भाच्याला गच्चीवर नेऊन त्यातली शीळ घालून दाखवायचे. गच्चीवरच हं. घरात शीळ घातलेली बहिणीला खपत नसे, अशुभ म्हणून लाटणं घेऊन धावायची. निवृत्तीनंतर ट्रम्पेट सुटला, बायको गेली, पालमच्या दोन खोल्यांत माणूस एकटा उरला. शीळ तेवढी सोबत होती, आणि तीही आता गुरुवारपर्यंतच.

सुधन्वा फोनवर म्हणाला, मामा, तुमची सीटी पाहिजे यार. त्यावर खंडेरावांनी त्याला झापलं. सीटी कुकरची, माणसाची ती शीळ. दिल्लीत जन्म गेला म्हणून शब्द कुठे सांडून आलास का?

सोमवारी स्टुडिओत सगळं तयार होतं. वीस व्हायोलिनं, दोन ट्रम्पेट, इलेक्ट्रिक गिटार, देवळातल्यासारखी घंटा, सगळं आधीच रेकॉर्ड झालेलं. मधे शिळेपुरती जागा मोकळी ठेवलेली. या स्टुडिओची एक पद्धत होती. बिघडलेल्या टेकला, म्हणजे वाया गेलेल्या रेकॉर्डिंगला, तिथे 'शिळं' म्हणत आणि फाइललाही तेच नाव देत. सुधन्वाची बायको रसिका स्टुडिओचा सगळा कारभार बघायची, तिनं तो शब्द फ्रीजमधल्या डब्यांवरून उचलला होता. दर रविवारी ती शिळं काढून टाकायची, फ्रीजमधलंही आणि कॉम्प्युटरमधलंही.

पहिल्या दोन टेकना दात हलला आणि सूर घसरला. सुधन्वा काचेपलीकडून हसत ओरडला, "शिळं!" खंडेरावांनी पाणी प्यायलं, डोळे मिटले. तिसऱ्या वेळी मात्र लागली बघा. शेवटच्या सुराआधी ते अर्धा श्वास थांबले. कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, पण पिस्तूल काढण्याआधी माणूस थांबेल तसे थांबले, आणि मग सूर सोडला. सुधन्वा काचेपलीकडे चष्मा पुसत बसला. एवढ्या वर्षांत कुणी आपल्याला असं ऐकलंच नव्हतं, असं खंडेरावांना वाटलं.

सुधन्वा फाइलला नाव द्यायला लागला. 'सी' लिहून झालं होतं. खंडेरावांनी त्याचा हात धरला.

"शीळ लिही. एक तरी शब्द धड राहू दे तुमच्या घरात."

त्यानं निमूटपणे लिहिलं, शीळ. रसिका त्या दिवशी नोएडाला माहेरी होती. गुरुवारी दात गेले. रविवारी रसिकानं साफसफाई केली.

सोमवारी सुधन्वा स्वतः पालमला आला आणि झालेलं सांगितलं. रसिकाचं मराठी आईच्या स्वयंपाकघरातलं. शिळी पोळी, शिळा भात तिला ठाऊक, शीळ हा शब्द कधी कानावरून गेलेलाच नाही. फाइल बघून तिला वाटलं, हे 'शिळं'च असणार, नवऱ्याचं शुद्धलेखन नेहमीसारखं चुकलंय. काढून टाकली. बॅकअपही तिच्याच हातचा, तिथूनही गेली.

 खंडेरावांना आपलेच शब्द आठवले आणि स्वतःचाच संताप आला. सीटी लिहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? सुधन्वानं भीतभीतच विचारलं, एकदा ट्राय करू या का? खंडेरावांनी तोंडातला कापूस काढला, ओठ जुळवले. फुसकन हवा आली आणि हनुवटीवर लाल थुंकी ओघळली. भाच्यानं घाईघाईनं रुमाल पुढे केला, त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

"असू दे मामा," सुधन्वा म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये रेडीमेड मिळते. कुणाला कळणार पण नाही."

दोन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, गुरुग्रामच्या सभागृहात कार्यक्रम झाला. खंडेराव नवी कवळी लावून पहिल्या रांगेत बसले. वाद्यवृंद खरोखर सुरेख वाजला, खोटं कशाला बोला. मग स्पीकरमधून शीळ आली. गोड, स्वच्छ. शेवटच्या सुराआधी ती थांबली नाही. त्या अर्ध्या श्वासापाशी खंडेरावांचा जीव अडकला, आणि शीळ खुशाल पुढे निघून गेली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सुधन्वा बरोबरच बोलला होता, कुणालाही कळलं नाही.

बाहेर चहाच्या वेळी एक बाई त्यांच्याकडे आल्या, हातात कार्यक्रमपत्रिका. त्यावर छापलं होतं, 'शीळ : खंडेराव मोहिते.' अंकल, क्या सीटी बजाई आपने, थोडी इधर भी सुनाइए ना, म्हणाल्या. खंडेरावांनी कवळीकडे बोट दाखवलं. बाईंना तो विनोद वाटला, खळखळून हसल्या आणि गेल्या.

तेवढ्यात रसिका आली, पाया पडली. चूक झाल्यापासून बिचारी तोंड लपवत होती. हातातली पत्रिका त्यांच्यापुढे धरून, नावावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, तुमचं नाव मी मुद्दाम घातलं. आणि शब्द बघा, या वेळी बिल्कुल करेक्ट आहे."

खंडेरावांनी खिशातलं पेन काढलं. 'शी'ची वेलांटी खोडून पहिली दिली, 'ळ'वर एक टिंब ठेवलं, आणि पत्रिका तिच्या हातात परत दिली.

"आता करेक्ट आहे," ते म्हणाले.

रसिकानं वाचलं. तो शब्द तिला लगेच कळला.