समोरच्या खोलीतला शब्द

लॉकवुड मास्तरांनी कपड्यांची टोपली स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी केली. चिठ्ठ्या टेबलावर मावल्या नाहीत. कडेवरून घसरून त्या फरशीवर पडल्या, चुलीपुढच्या राखेत पडल्या, मिसेस सग्डनच्या ओल्या बुटांवर पडल्या.

"कुणी केलं हे?"

"आम्हीच की," मिसेस सग्डन म्हणाली. "तुम्ही सुताराकडे गेलात, तेवढ्यात खोली मोकळी केली. बाईंना ठेवायचं कुठे मग? कोळशाच्या कोठीत?"

तिच्यामागे तिची सून मार्था आणि आळीतल्या आणखी दोघी बाह्या वर सारून उभ्या होत्या. कुणाच्या घरी कुणी वारलं की आळीतल्या बायकांनी यायचं, मयताला न्हाऊ घालायचं आणि समोरची खोली आवरून तिथे शवपेटी ठेवायची, ही त्या गावची रीत. पहाटे मास्तरांची बहीण टॅबिथा गेली आणि सात वाजता बायका दारात हजर झाल्या. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल?

पण लॉकवुडांच्या समोरच्या खोलीत सहा वर्षांत पाहुणा टेकला नव्हता. तिथे जमिनीवर, खुर्च्यांवर, बंद पियानोवर चिठ्ठ्यांच्या एकशे सेहेचाळीस चळती मांडलेल्या होत्या. कुठल्या चळतीवर वजन म्हणून शिवणाचं अंगुस्तान, कुठे दाराची मूठ, कुठे फुटक्या कपाचा तळ. सगळ्या चळती मिळून एकच शब्द होता. इंग्रजीतला तीन अक्षरांचा 'सेट'.

सूर्य सेट होतो तेव्हा मावळतो. मोडलेलं हाड सेट करतात तेव्हा जुळवून बसवतात. मुरंबा सेट होतो म्हणजे घट्ट होतो, कोंबडी सेट करतात म्हणजे अंड्यांवर बसवतात. सापळा लावायचा तर हाच शब्द, घड्याळ लावायचं तरी हाच, जेवणाचं टेबल मांडायचं तरीही हाच. आणि म्हातारा माणूस आपल्या सवयींमध्ये सेट झाला की त्याला कुणी हलवू शकत नाही. लंडनला मोठा शब्दकोश व्हायचा होता. गावोगावचे हौशी लोक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत, आणि या एका शब्दाच्या साडेतीन हजार चिठ्ठ्या अर्थवार लावायचं काम यॉर्कशायरमधल्या या निवृत्त मास्तरांकडे आलं होतं. दोन वर्षांचं काम. त्याचं सहा वर्षं भिजत घोंगडं पडलं होतं. संपादकांचं शेवटचं पत्र गेल्या सोमवारी आलं. शुक्रवारच्या सहाच्या टपालाने गठ्ठे निघाले नाहीत, तर शब्द दुसऱ्या गृहस्थांकडे जाईल.

आज शुक्रवार होता.

"नंबर तरी असतील ना त्यांवर?" मार्थाने विचारलं. ती गिरणीत कापडाचे तागे मोजायची, म्हणून तिला हे सुचलं.

"नंबर घातलेला नाही." मास्तरांचा आवाज चिरकला. "नंबर घातला की अर्थ मेला. तुम्हांला नाही कळायचं. सहा वर्षांची, सहा वर्षांची माती केलीत माझ्या."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वर न्हाणं उरकून, पांढरी वस्त्रं घालून बाईंना नुकतंच खाली पेटीत ठेवलं होतं आणि हा माणूस कागदांसाठी ओरडत होता.

मास्तर कामाला बसले. भिंग धरून एकेक चिठ्ठी वाचायची आणि ठेवायची. पण उजेड पुरेना, म्हणून त्यांनी उठून खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला केला.

"मास्तर." मिसेस सग्डन पुढे आली. "घरात मयत आहे. उद्यापर्यंत पडदा उघडायचा नसतो. आळी काय म्हणेल?"

"आळीला म्हणू दे."

तिने केटली चुलीवर ठेवली. पडदा मात्र उघडाच राहू दिला.

दोन तासांत मास्तरांच्या फक्त एकसष्ट चिठ्ठ्या लागल्या. त्यातल्याही वीस त्यांनी परत उचलल्या. एकीत नदीचा प्रवाह पूर्वेकडे 'सेट' होता, एकीत वारा. दोन्ही एक की वेगळे? मार्चमध्ये त्यांनी ते एक केले होते, मे महिन्यात वेगळे केले होते. नंतर काय ठरलं होतं? नंतर ते समोरच्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडले होते, "टॅबिथा, प्रवाहाचं काय केलं आपण?" आणि तिने शिवणातून मान वर न करता सांगितलं होतं. काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना. तीस वर्षं त्यांनी घरात नुसती हाक मारली होती आणि उत्तर आलं होतं.

भिंगातून अक्षरं नाचायला लागली. दुसरा कुणी तरणा गृहस्थ लंडनला बसून हे सहा महिन्यांत उरकेल, आणि लॉकवुड नावाचा कुणी होता हे प्रस्तावनेतसुद्धा येणार नाही. मास्तर उठले. त्यांनी दोन्ही हातांत मावतील तेवढ्या चिठ्ठ्या उचलल्या आणि चुलीकडे गेले.

मिसेस सग्डनने केटली खाली ठेवली आणि चुलीसमोर येऊन उभी राहिली. ती बाई दाराएवढी होती.

"बाजूला व्हा."

"नाही होत. बाईंनी रोज त्या खोलीची धूळ झटकलीय. ते असं जाळायला नाही."

त्या ओढाताणीत अर्ध्या चिठ्ठ्या खाली सांडल्या. मार्था गुडघ्यांवर बसून गोळा करायला लागली. पालथ्या पडलेल्या चिठ्ठ्या एकावर एक रचताना ती मध्येच थांबली.

"मास्तर, मागे हे आकडे कसले?"

"कसले आकडे?"

"हे काय. कोपऱ्यात, पेन्सिलीने. त्र्याण्णव. ही एकशे दोन. हीपण त्र्याण्णवच."

मास्तरांनी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली. चिठ्ठीची मागची बाजू त्यांनी सहा वर्षांत कधी पाहिली नव्हती, पाहायचं कारणच नव्हतं. कोपऱ्यात टॅबिथाच्या बारीक अक्षरात त्र्याण्णव होतं. त्याखाली खोडलेलं अठ्ठ्याऐंशी, त्याखाली आणखी काही, आणखी काही. दर वेळी त्यांनी मन बदललं, चळत फोडली, जुळवली, की मागून हिने सगळे आकडे खोडून नवे घातले होते. एकूण एक चिठ्ठीवर. खोडून खोडून तिथला कागद इतका विरला होता, की खिडकीपुढे धरल्यावर त्यातून उजेड येत होता. नंबर घालायचा नाही, असं त्यांनी तिला बजावलं होतं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली होती.

मास्तर खाली बसले, अगदी राखेतच.

"एक ते एकशे सेहेचाळीस," मार्था म्हणाली. "मग सोपंच आहे की. आम्हांला वाचता नाही आलं तरी आकडे येतात." तिने मागे वळून दोघींना हाक मारली. "एलन, तुम्ही दोघी पन्नासपर्यंतचे घ्या. सासूबाई, तुम्ही शंभरपर्यंत. वरचे मी बघते."

मिसेस सग्डनने चष्मा काढून पुसला. "सून झालीस आणि मला कामाला लावतेस."

पत्ते पिसावेत तशा चिठ्ठ्या चौघींच्या हातांतून सरकायला लागल्या. मास्तर मध्ये मध्ये हात घालत, एखादी उचलून भिंगाखाली धरत. "ही नक्की इथलीच का, मला वाटतं…" असं म्हणत. दर वेळी मार्था चिठ्ठी परत घेई आणि उलटी करून आकड्यावर ठेवी. प्रवाह आणि वारा शेवटी एकत्रच लागले, बावन्नाव्या गठ्ठ्यात. साडेचारला सुतळी आली. आणखी तासाभरात गठ्ठे बांधून एलन पोस्टात जायला निघणार होती.

"मी काय करू?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं इथे काही काम नाही," मिसेस सग्डन म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "खोलीत जा. बाई सकाळपासून एकट्या आहेत."

समोरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. चळती नसल्यामुळे गालिच्यावरची फुलं दिसत होती, ती लाल होती हे मास्तर विसरून गेले होते. पेटीशेजारी बायकांनी एक खुर्ची ठेवली होती. ते बसले. कागद नाही, भिंग नाही, हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना. बऱ्याच वेळाने त्यांनी टॅबिथाच्या चेहऱ्यावरचा रुमाल उचलला.

स्वयंपाकघरात मार्था मोठ्याने आकडे म्हणत होती, "एकशे चौतीस, एकशे पस्तीस…"

"हळू गं," मिसेस सग्डन म्हणाली आणि उठून मधलं दार ओढून घेतलं. "मास्तर रडतायत."